काळ्या काचेवरचं दूध

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. चुडावा स्टेशनपासून कोसभर आत असलेल्या भोकरवाडीत रायभान मुंजाजी या चोवीस वर्षांच्या मेंढपाळाची लघवी काळ्या काचेवर सर्वांसमक्ष तपासण्यात आली आणि तो गरोदर असल्याचं जाहीर झालं. साल १९८८, महिना फेब्रुवारी.

जाहीर केलं ते दूधनाथ महाराजांनी. ऐकायला पूर्ण्याच्या आसपासच्या गावांतून आणि पलीकडून नांदेडच्या बाजूनं आलेली गर्दी होती. पोत्यांच्या कापडाचा मांडव अपुरा पडला होता. उरलेले लोक उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून उभे होते. मांडवात चौरंगावर हिरव्या लुगड्यात रायभान बसला होता. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. लुगड्याआड त्याची छाती बाळंतिणीसारखी भरलेली होती. ही गोष्ट खरी होती. कापूस कोंबला असेल असा वहीम घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांनी हातानं चाचपून खात्री करून घेतली होती. तेवढी मुभा महाराज देत. कमरेच्या खाली मात्र आईचं ठाणं होतं. तिथं जो बघेल त्याचे डोळे जातील, जो हात लावील त्याचा हात झडेल.

"आईनं जागा कामून बदलली? इचारा," महाराज म्हणत होते. "बाईच्या पोटाला इटाळ. आईला बिनइटाळाचं पोट पायजे व्हतं. नांदेड हुडकलं, परभणी हुडकली. औरंगाबादला तर पाय टेकवला न्हाई, तिथं रोजचे मोर्चे. शेवटी या मेंढक्याच्या पोटात उतरली. चैताच्या पुनवेला प्रगट व्हनार."

मग काच आली. तळहाताएवढी, काळी, गुळगुळीत. ओल्या वाळूत पुरलेल्या माठातून महाराजांनी दोन बारीक बाटल्या काढल्या. त्यांवर शेंदूर थापलेला होता. गर्दीतल्या एका गड्याकडून आणलेल्या लघवीचा थेंब काचेवर ठेवला. पहिल्या बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी थेंबभर त्यात कालवलं. मग दुसऱ्या बाटलीतून पांढरा थेंब सोडला आणि काच हळूहळू डोलवली. पांढऱ्याचे बारीक कण झाले, नासल्या दुधासारखे.

"याच्या पोटात आई न्हाई. दूध फाटलं. आता बगा."

रायभानच्या थेंबावर तेच केलं. काच डोलली, पुन्हा डोलली. दूध दुधासारखंच राहिलं. पुढच्या रांगेतल्या बायांनी बांगड्या आणि खणनारळ पुढं सरकवले. तेवढ्यात रायभानला खोकला आला. त्यानं तोंडाला धरलेल्या फडक्यावर लाल ठिपके उमटले.

"आईनं कुंकू शिंपलं," महाराज म्हणाले. ते फडकं फाडून त्याच्या चिंध्या वाटण्यात आल्या. ज्यांना मिळाल्या त्यांनी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या.

रायभानची छाती पोळ्याच्या सुमारास भरू लागली होती. चुडाव्याच्या बाजारात पोरं त्याला पदर घ्यायला सांगत. त्यानं अंगातला सदरा काढणं सोडलं. बैल पाण्यात घालताना, मेंढरं धुताना तो भिजल्या सदऱ्यानिशी उभा राही. या भागात पुरुषाचं अंग बाईच्या वळणावर गेलं की आईचं बोलावणं आलं असं समजतात. त्याला परडी देतात, कवड्यांची माळ घालतात आणि पुढं कुणी काही विचारत नाही. वैद्याचा प्रश्न तिथंच संपतो. नेमक्या त्याच दिवसांत दूधनाथ महाराज वाडीत आले. आईचा माणूस म्हटल्यावर त्याचा संसार राहत नाही, म्हणून रायभानची बायको केवळाबाई हिला झरीला माहेरी पोचवण्यात आलं.

झरीच्या शाळेत बन्सीधर मास्तर विज्ञान शिकवत. सुट्टीच्या दिवशी ते गावोगाव जाऊन जिभेवर कापूर पेटवत, नारळातून धूर काढत आणि लगेच त्याचं कारण सांगत. केवळाबाईनं असा एक कार्यक्रम पाहिला होता. ती शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"गुर्जी, तुमी तोंडात कापूर पेटवून दावला व्हता. माझ्या नवऱ्याच्या पोटातलं बी काढून दावा."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना शंका उरली नाही. लघवी बदलतात, दुसरं काय असणार. रायभानच्या नावावर कुठल्यातरी गरवार बाईची लघवी काचेवर चढवत असतील. पुढच्या मंगळवारी ते उकळून घेतलेली एक बाटली पिशवीत घालून भोकरवाडीला पोचले.

"या गुर्जी," महाराज म्हणाले. "इज्ञानाची झोळी आणली का?"

"झोळी नाही, बाटली आणली. माझ्यासमोर भरायची. भरली की माझ्या हातून सुटणार नाही."

"भरा की. आईला काय चोरी हाय?"

मांडवाच्या कडेला घोंगडीचा आडोसा होता. मास्तर रायभानसोबत आत गेले. त्याच्या कमरेकडे त्यांनी बघितलं नाही, बाटलीवरची नजर मात्र हलवली नाही. बाटली भरली. ती देताना रायभान हळूच म्हणाला, "केवळा कशी हाय?"

"बरी आहे."

"तिला म्हणावं, दम लागायलाय मला. रातच्याला निजता येत न्हाई."

बाहेर येऊन मास्तरांनी आधी स्वतःची लघवी काचेवर ठेवायला लावली. कण झाले.

"गुर्जी, तुमचं तर ताक झालं," मागून कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. मास्तरही हसले. मग त्यांनी स्वतःच्या बाटलीतला थेंब स्वतःच्या हातानं काचेवर सोडला. महाराजांनी काच डोलवली. दूध फाटलं नाही. "पुन्हा करा," मास्तर म्हणाले. पुन्हा केलं. दूध तसंच, मऊ आणि सरसर फिरणारं.

आता महाराजांना घाई नव्हती. त्यांनी काच उचलून सगळ्यांना दाखवली. "ओळखलं का या गुर्जीला? नामांतराच्या कागदावर सही करनारे हेच. आधी इद्यापीठाचं नाव बदला म्हनले. आता आईची जागा बदला म्हनतेत."

सहीची गोष्ट खरी होती आणि वाडीला ती ठाऊक होती. हसणं तिथंच थांबलं. स्टेशनच्या वाटेवर निम्म्या अंतरापर्यंत पोरं हुर्यो करत मागं आली. एक ढेकूळ मास्तरांच्या पाठीत बसलं.

मास्तरांची चूक झाली होती आणि ती त्यांच्यासारख्या माणसाचीच होऊ शकते. जे उघडं पाडायला निघालो ते मुळापासून खोटंच असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. महाराज लबाड होते. काच लबाड नव्हती.

ते दूध नेमकं कसलं, एवढं तरी कळावं म्हणून मास्तर पूर्ण्याला उतरले. तिथं डॉ. सगुणाबाई यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. बाकावर पोटुशा बायांची रांग होती. मास्तरांनी रायभानबद्दल, कमरेखालच्या बंदीबद्दल सांगितलं आणि काचेचं वर्णन केलं. डॉक्टरांनी फ्रीज उघडला, सलाईनच्या बाटल्यांमागून एक खोका काढला आणि त्यातली काळी काच टेबलावर ठेवली.

"हीच का?"

"हीच."

"बाटल्या दोन? एक पाण्यासारखी, एक पांढरी?"

"हो. त्यांवर शेंदूर होता."

"शेंदुराखाली कंपनीचं नाव असणार. हा चमत्कार आमच्याकडं रोज होतो, गुरुजी. नारळ कुणी फोडत नाही. बाईला दिवस गेलेत की नाही, ते बघायची ही तपासणी आहे. दिवस नसतील तर कण होतात, असतील तर दूध राहतं. बाबा कुठल्यातरी लॅबमध्ये बाटल्या धूत असेल."

हा अंदाज बरोबर निघाला. महाराजांचं नाव नागनाथ. एका खाजगी लॅबमध्ये ते खरोखरच बाटल्या धुवायला होते.

"आणि रायभानची लघवी कशी बदलली, ते तुम्हाला सापडलं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"बदलली नाही. बाटली माझी होती. मी समोर उभा होतो."

"तुम्ही स्वतः?"

"स्वतः."

डॉक्टरांनी खोका बंद केला. "खोकला आहे का त्याला?"

"आहे. रक्त पडतं. ते कुंकू म्हणून वाटतात."

डॉक्टरांनी उठून दार लोटलं. बाहेर एक बाई नर्सला नंबर कधी येणार ते विचारत होती.

"गुरुजी, तो मरायलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ती काच एवढे दिवस तेच सांगायलीय."

मास्तरांना समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. बाईला दिवस गेले की वारेच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. ते रक्तात जातं, लघवीत उतरतं. काच फक्त ते प्रथिन ओळखते. गर्भ ओळखत नाही, बाई की पुरुष तेही ओळखत नाही. काही दुर्मीळ गाठी अशा असतात की त्यांच्या पेशी वारेसारख्या वागू लागतात आणि तेच प्रथिन सोडू लागतात. त्याच्यामुळं शरीरातले बायकी रस वाढतात, पुरुषाची छाती भरते. द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी वारेचेच द्राक्षांसारखे फुगे, पडल्यावर काही बायांत अशी गाठ होते, ती त्यांनी पाहिली होती. पुरुषातली फक्त पुस्तकात वाचली होती.

"पुरुषात ती कुठं होते?"

"जिथं बघितलं की डोळे जातात असं महाराजांनी सांगून ठेवलंय, बहुतेक तिथं."

"म्हणजे महाराजाला ठाऊक आहे?"

"ठाऊक असतं तर तो केव्हाच पळाला असता. लुगडं वर झालं तर आत पुरुष दिसेल, एवढीच त्याला भीती. थेंब कसा टाकायचा ते त्याला येतं. थेंब काय म्हणतो ते येत नाही."

गाठ फुफ्फुसात पोचली असावी, हे खोकल्यावरून दिसत होतं. तरी या गाठी औषधाला दबतात. मुंबईत नवी औषधं आली होती. फुफ्फुसात पसरलेलेही काही जण उठून घरी गेले होते. पण यात जाणारा प्रत्येक आठवडा महाग होता आणि चैत्री पौर्णिमेला अजून बरेच आठवडे बाकी होते.

रायभानला मांडवातून उठवू शकेल असा एकच माणूस होता, त्याचा बाप. डॉक्टर, मास्तर आणि केवळाबाई दुसऱ्याच दिवशी मुंजाजीला शोधत निघाले. तो चुडाव्याच्या शिवारात पऱ्हाटी निघालेल्या एका रानात मेंढरं बसवून होता. तिथं एक गिऱ्हाईक नर घेऊन आलं होतं, मुंजाजीच्या कळपातल्या दोन पाटींच्या, अजून न व्यालेल्या मेंढ्यांच्या, बदल्यात तो द्यायचा होता. नर उंचापुरा, शिंगं पिळदार.

मुंजाजी नराच्या मागं उकिडवा बसला. मागचे पाय त्यानं गुडघ्यांत धरले आणि खालून दोन्ही गोट्या तळव्यांत घेतल्या. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. लांब कुठंतरी बघत बोटं फिरवत होता. मग त्यानं नर सोडला.

"खाटकाला द्या ह्याला."

"कामून वो? दिसायला ढाण्या हाय."

"दिसायला हाय. डावी गोटी दगड हाय त्याची. दुखत न्हाई त्याला, म्हणून तो बोंबलत न्हाई. कळपात सोडलं तर एका हंगामात खंगतंय."

गिऱ्हाइकानं वाद घातला नाही. त्या भागात मुंजाजीच्या बोटांवर कुणी वाद घालत नसे. ते नर ओढत निघून गेलं.

"मुंजाजीबाबा," डॉक्टर म्हणाल्या, "हे कधी कधी बघता?"

"घेताना, देताना. मिरगाच्या आधी सगळ्यांचं. माझ्या बापानं शिकवलंय."

"पोराचं बघितलं का कधी?"

म्हाताऱ्यानं काठी उचलली. मारायला नव्हे, उठायला. पण मास्तर एक पाऊल पुढं झाले.

"बाई, तुमी बाईमाणूस म्हणून ऐकून घेतलं," मुंजाजी म्हणाला. "मेंढराचं तोंड माणसाला लावू नका. माझ्या पोराला आईनं घेतलंय. मी दिलंय. मला का आनंद व्हता का द्यायला? एकुलता एक हाय."

केवळाबाई पदर पुढं ओढून दूर उभी होती. ती तिथूनच बोलली.

"मामा, पोळ्याच्या आधीपसून एक बाजू जड हाय त्यांची. मला ठाव हाय."

मुंजाजीनं तिच्याकडे बघितलं नाही.

"मी म्हणले दवाखान्यात चला. मला म्हणाले, कुठं बोललीस तर हिरीत उडी घेईन. मग छाती आली. मग आई आली. मग मलाच भाईर काढलं. मी कुणाला सांगू? गुर्जीला बी सांगितलं न्हाई मी. लाज वाटली."

"दुखतंय का त्याला?" मुंजाजीनं विचारलं.

"न्हाई."

म्हाताऱ्यानं मेंढरांकडे पाठ केली आणि तो बांधावर जाऊन बसला.

पुढच्या मंगळवारी मांडवात गर्दी जास्तच होती. डॉक्टर आणि मास्तर कडेला उभे होते. मुंजाजी हात धुऊन आला होता. कोपरापर्यंत ओले हात पुढं धरून तो गर्दीतून चालला, तेव्हा लोकांना वाटलं बाप पूजेला आला. तो चौरंगापाशी थांबला.

"ऊठ, रायभान. घोंगडीमागं चल."

"मुंजाजी," महाराज म्हणाले, "कमरेखाली आईचं ठाणं हाय. हात झडतेल."

"झडू द्या. मेंढरं केवळा राखल."

कडेला संबळ वाजवणारा थांबला. बाप-लेक आत गेले. बाहेरच्यांना घोंगडीखालून फक्त चार पाय दिसत होते. मग म्हाताऱ्याचे पाय वाकले. तो उकिडवा बसला होता. आतून काही ऐकू आलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्यानं हात अंगापासून दूर धरले होते, काही सांडेल अशा बेतानं.

"उजवी गोटी दगड हाय," तो म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हसणारे चुडाव्याचे दुकानदार होते. वाडीतले धनगर हसले नाहीत. अशा नराचं पुढं काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला शिकवलेलं होतं.

महाराज गडबडले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. "मंग? आई दगडातच असती. दाखवा बिनदगडाचं देऊळ. दगडच प्रगट व्हायलाय, माझ्या राजांनो."

एवढ्यात बन्सीधर मास्तरांनी माठ उपडा केला. ओल्या वाळूबरोबर पुठ्ठ्याचे खोके बाहेर पडले. डॉक्टरांच्या पिशवीतल्या खोक्यासारखेच, त्याच कंपनीचे. डॉक्टरांनी आपला नवा खोका सगळ्यांदेखत फोडला आणि आपली काच मांडली. पुढच्या रांगेत सहा-सात महिन्यांची एक गरवार बाई आईच्या पाया पडायला आली होती. तिला विनंती केली. ती सासूकडं बघत कशीबशी तयार झाली. तिचा थेंब काचेवर आला. दूध फाटलं नाही.

"हिच्या पोटात कोणती आई आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "महाराज, आता तुमचा थेंब द्या."

"मला उपास हाय," महाराज म्हणाले.

या वेळी धनगरही हसले.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "हे दूध नाही. रबराचे बारीक कण आहेत, कारखान्यात बनतात. मेंढी व्याली की जार पडतो, तुम्ही रोज बघता. बाईलाही तसाच जार असतो. तो एक पदार्थ अंगात सोडतो, तो असला की हे कण एकमेकांना चिकटत नाहीत. इथं देवीचं काही नाही, बाबाचंही काही नाही. रायभानच्या अंगात जाराचा पदार्थ आहे. गर्भ नाही. गर्भाशयच नाही. गाठ आहे."

"जाराचा पदार्थ गड्याच्या अंगात कसा शिरल?" एका म्हाताऱ्या धनगरानं विचारलं. त्या दिवशी कुणी विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता.

"शिरला नाही. आपल्या अंगातल्या प्रत्येक कणात, म्हणजे पेशीत, सगळ्या शरीराचा नकाशा असतो. डोळ्याचा, केसाचा, जाराचासुद्धा, गड्याच्या अंगातही. पण ज्या कणाला जे काम, तेवढाच भाग तो उघडतो. एका कणाचे दोन होताना नक्कल करावी लागते. तिथं चूक झाली तर नको तो भाग उघडतो आणि मग थांबत नाही. तशी चूक याच्या एका कणात झाली."

"कुणाच्या पापानं?"

"कुणाच्याच नाही. का झाली ते मला माहीत नाही. मुंबईलाही पुरतं माहीत नाही. पण चूक झालीय हे माहीत आहे आणि कुठं झालीय तेही. आता एवढं पुरे."

रायभान घोंगडीच्या काठाशी उभा होता. लुगड्याचा पदर त्याच्या मुठीत होता. "बाई," तो म्हणाला, "ते काढलं तर केवळाला घरी आणता यील का?"

डॉक्टरांनी हो म्हटलं. जगेल असं त्यांनी म्हटलं नाही. तसं त्यानं विचारलंही नव्हतं.

त्याच्या रक्ताचा नमुना बर्फ भरलेल्या थर्मासमधून त्याच्याबरोबरच गेला. निघायच्या दिवशी नामांतराचा बंद होता, एसटी उभ्या होत्या. चुडाव्याहून पॅसेंजर मिळाली, मनमाडला गाडी बदलली. मुंबईच्या कॅन्सरच्या इस्पितळात उजवी गोटी काढण्यात आली. रक्तातल्या त्या प्रथिनाचा आकडा निरोगी पुरुषाच्या हजारो पट होता. दुसरं एक खूणप्रथिन अशा गाठींत शोधतात, ते वाढलेलं नव्हतं; त्यावरून आणि काढलेल्या गाठीच्या तपासणीवरून गाठ वारेच्या जातीची, या प्रकारांतली सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत घाईची, हे ठरलं. गाठीच्या पेशींत बाराव्या गुणसूत्राचा आखूड तुकडा दुपटीनं सापडला. नक्कल करतानाची चूक म्हणजे काय, ते तिथं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं. दोन्ही फुफ्फुसांत डाग होते. औषधं सुरू झाली. केवळाबाई सोबत होती. केस गळाले तेव्हा त्याची कवड्यांची माळ तिनंच काढून पिशवीत ठेवली.

मांडवातून उठलेले महाराज वाडीत पुन्हा दिसले नाहीत. चैत्री पौर्णिमेला मात्र माणसं आली. रिकाम्या चौरंगासमोर नारळ फुटले. चिंध्या देव्हाऱ्यांत होत्या, त्या तशाच राहिल्या. एका महिन्यात नवी हकिकत तयार झाली: देवी प्रगट होणारच होती, डाक्टरणीनं मुंबईला नेऊन गर्भ पाडला. गोटी कापली हे सगळ्यांना माहीत होतं. कापली म्हणजे पाडलंच. भाद्रपदात पावसानं झोडपून ज्वारी काळी पडली, त्याचंही खापर तिथंच फुटलं. पूर्ण्याच्या दवाखान्यात वाडीच्या बाया येईनाशा झाल्या. काचेवर थेंब दिलेली ती गरवार बाई घरीच बाळंत झाली; मूल दगावलं.

बन्सीधर मास्तर पोलिसांत गेले. फसवणुकीचा गुन्हा नोंदवायला फसलेला माणूस फिर्यादी म्हणून हवा, असं त्यांना सांगण्यात आलं. वाडीत फसलेला माणूस कुणी सापडला नाही. नागनाथ मानवतकडं आहे, बाजारच्या दिवशी मांडव घालतो, असं ऐकिवात आहे. काच तीच असावी.

ज्यांच्या देव्हाऱ्यात ती चिंधी आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. ते कुंकू नव्हतं, एका माणसाच्या फुफ्फुसातलं रक्त होतं. तो खोकत होता आणि तुम्ही हात पसरत होता. अंगात काही वाढलं, कडक झालं, जागचं हललं, तर हात लावून बघा. नवऱ्याचं बायकोनं, पोराचं बापानं. न दुखणारी गाठही गाठच असते. जिथं हात लावायला बंदी घालतात तिथं आधी हात लावा. मेंढराला जेवढी अक्कल खर्च करता, तेवढी घरातल्या माणसाला करा. आणि अशी बंदी घालणाऱ्याला त्याचा स्वतःचा थेंब मागा.

रायभान औषधांच्या फेऱ्या संपवून दसऱ्याला परत आला. छाती ओसरली आहे, खोकला थांबला आहे. तो बापाच्या मागं चालतो, पण मेंढरू उचलू शकत नाही. दर महिन्याला मुंजाजी त्याला पूर्ण्याला आणतो. मुंबईची तपासणी बारीक असते आणि तिला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर आधी काचेवर बघतात. मुंजाजी टेबलापाशी उभा राहतो. वर्षभरापूर्वी ज्या दुधानं त्याचा पोरगा देव झाला, ते दूध फाटावं म्हणून आता तो श्वास धरतो.

दिवाळीनंतरच्या खेपेला दूध फाटलं. मुंजाजीनं काठीवर कपाळ टेकलं.

मागच्या मंगळवारी डॉक्टरांनी काच नेहमीपेक्षा जास्त वेळ डोलवली, मग खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. कडेला कण झाले होते. मधला भाग गुळगुळीत होता.

"फाटलं का वो, बाई?" मुंजाजीनं विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा थेंब घेतला. तोही तसाच निघाला. त्याच दिवशी रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवण्यात आलं. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.